सुखदेव, मचान भंगारात गेली नाही

सन दोन हजार पंचवीस. मले बहात्तरावं लागलं आहे. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनं लहान, म्हणजे अडुसष्टातच गेला. वयाचा मान तू चाळीस वर्षं ठेवला, अन् नेमका जायच्या वेळी मोडला.

काल एकोडीच्या विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सुजातानं, तुझ्या पोरीनं, माईक आणून माझ्या हातात दिला. म्हणाली, "काका, तुम्ही दोन शब्द बोला. बाबांसंग सगळ्यात जास्त दिवस तुम्हीच काढले." खरं आहे ते. लाखनीच्या रोडवर ट्रकच्या गॅरेजात, एका टिनाखाली चाळीस वर्षं. तुझ्या बायकोनंही तुले इतकं पाहिलं नसन. मी उभा राहिलो. समोर अर्धं गाव बसलं होतं, पांढरे कपडे घालून, अन् तुझा फोटो माझ्याकडेच पाहून राहिला होता. मी म्हटलो, "सुखदेव चांगला माणूस होता." अन् बसलो.

मागून कोणीतरी हळूच म्हटलं, "बस, एवढंच?"

एवढंच. त्याच्या पुढचं बोललो असतो तर सगळं बोलावं लागलं असतं. म्हणून आज तुझ्याच वहीत लिहून राहिलो आहे. मी चौथी पास, तू दहावी. गॅरेजची पाटी तू लिहिली, गाडी नंबर तू लिहिले, गिऱ्हाइकाले चिठ्ठी तू लिहिली. मी फक्त बोललो. माझं अक्षर पाहून तू म्हणत होता, "मिस्त्री, हे लिहिलं का सांडलं?" तर आता हे सांडलेलंच वाच.

आपल्या गॅरेजचा एक कायदा होता, अन् तो माझा होता. गाडीवर चढायचं तर चप्पल खाली. बंपरले हात लावायचा, तो हात कपाळाले लावायचा, मंग उघडा पाय वर. नागपुरात माझ्या उस्तादानं मले हेच शिकवलं होतं. गाडी पोट भरते, पोट भरणारीच्या अंगावर जोडे घालून चढू नये. दसऱ्याले ज्या बंपरपुढे नारळ फोडतो त्याच बंपरवर चप्पल म्हणजे जेवत्या ताटात पाय. रायपूरकडचे ड्रायव्हरही म्हणत, "चलो, नंगे पाँव वाले मिस्त्री के पास दिखाते हैं." मले त्या नावाचा लय गर्व होता. पाय आपल्या दोघांचे उघडे होते, नाव माझं एकट्याचं झालं. हे तू कधी बोलून दाखवलं नाही.

तुझ्या घरी गाडीपुढे नारळ फुटत नाही. तुझ्या बापाच्या वेळेपासून ते सगळं बंद झालं होतं. तरी पहिल्या दिवशी मी सांगितलं, अन् तू चप्पल काढली. मी समजलो का तुले पटलं.

मी पाच फूट अकरा, तू पाच-दोन. पुढं नाक निघालेल्या जुन्या ट्रकचं बोनेट उघडून बंपरवर उभा राहिलो का माझे हात पार मागच्या नोझलपर्यंत जात. तुले मात्र डिझेलचा रिकामा ड्रम लागे, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर तू. मी खालून ओरडे, "सुखदेव, वरून भंडारा दिसते का बे?" तू वाकल्या वाकल्या उत्तर देई, "भंडारा नाई दिसत मिस्त्री, तुमचं टक्कल दिसते." ड्रायव्हर हसत. मी तुले चाळीस वर्षं तू म्हटलो अन् तू मले चाळीस वर्षं तुम्ही. हेही आत्ताच, लिहिता लिहिता ध्यानात आलं.

मंग गाड्या उंच होत गेल्या. रेतीचे टिप्पर असे आले का बंपरच माझ्या कमरेले लागे. आपण दोघं खाली खाली चाललो होतो, अन् गाड्या वर वर.

चार वर्षं झाली असतील. दुपारी डबा खाऊन झाल्यावर तू ही वही काढली अन् माझ्यापुढे धरली. तू शिसपेनीनं काहीतरी काढलं होतं.

"मिस्त्री, ऐका जरा. ड्रमवर आता भागत नाई. ड्रम उंच आहे, पण हलते."

"बंपर कुठी हलते?"

"बंपर हलत नाई, पण चार बोटांचा आहे. त्यावर उभं राहून रेडिएटरवर पोट टेकवलं का अर्ध्या घंट्यात बरगड्या बोलतात. पेंटरवाली घोडी मी पाहून आलो. तिचे पाय बंपरले अडतात, माणूस इंजिनापासून हातभर लांबच राहते. दोन ड्रमवर फळी टाकली तर बाजूनं जमते, समोरून नाई जमत. राइस मिलवाल्याची लोखंडी शिडी पाहिली, ते पोते मोजाले बरी. एक हात शिडी धरण्यातच जाते."

तू हे सगळं जाऊन पाहून आला होता. मले न सांगता, सुटीच्या दिवशी, टेप घेऊन. आपल्या आवारात आलेल्या गाड्यांचे बंपर तू मोजून ठेवले होते.

"मंग काय पाहिजे तुले?"

"पाय असे पाहिजे का बंपरच्या खाली सरकतील. वर फळी अशी पाहिजे का इंजिनाच्या वर येईन. माणूस छातीवर पालथा पडन, दोन्ही हात मोकळे. फळीले गाडीच्या सीटचा फोम. खाली चाकं, चाकाले ब्रेक. अन् उंचीले पिन, काहून का टिप्पर वेगळा अन् जुनी गाडी वेगळी."

मी वही उलटी धरली. मुद्दाम. "हे काय होय? बाज काढली का?"

"मिस्त्री…"

"झोपाचं असन तर घरी झोप. गाडीच्या छातीवर झोपणारा मिस्त्री मी नाई पाहिला."

"गाडीची छाती नाई दुखत. आपली दुखते."

"तुझी दुखत असन."

तेव्हा माझा डावा खांदा असा झाला होता का अंगात सदरा घालताना घरात कोणी नाही ना, हे पाहून मी दात खात होतो. माझा कामाचा हात डावा. पाना वर धरला का बोटांत मुंग्या येत. हे मी बायकोले सांगितलं नव्हतं, तुले तर नाहीच. अन् दोन ड्रायव्हर ऐकून राहिले होते, म्हणून माझी जीभ आणखी सैल सुटली. मी म्हटलो, "एवढी मचान बांधतच आहे तर नागझिऱ्यात नेऊन ठेव. लोक वाघ पाहाले बसतील." ते दोघं हसले. तूही हसला. वही मिटवून खिशात घातली. वही तुझ्या खिशात मावत नव्हती, अर्धी बाहेर राहिली होती. मले ती अर्धी वही आजही दिसते.

पण तू अडून राहणारा माणूस. माझ्यासारखा आवाज करून नाही, तर गुपचूप. सहा महिन्यांनी लाखनीच्या वेल्डिंगवाल्याकडून ती वस्तू टेम्पोत आली. तंतोतंत वहीतली. खाली चार चाकं, वर मातीच्या रंगाचं रेग्झिन लावलेली फळी, बाजूनं पाने ठेवायले एक लहान खण. तू ती ढकलत आणली तेव्हा तुझं तोंड असं झालं होतं का जणू जावई आणला. मी तिच्याकडे एकदा पाहिलं अन् म्हटलो, "मागं ठेव. इथं रस्ता अडते." तू म्हटला, "एकदा चढून तर पाहा." मी म्हटलो, "मी चढन त्या दिवशी मले विचारजो, म्हातारे झाले का."

मागच्या बाजूले, पळसाच्या झाडाखाली ती उभी राहिली. शेजारच्या हॉटेलवालीच्या कोंबड्या तिच्यावर बसू लागल्या. तू कधी कधी एकटा असला का वापरत होता. मी आलो का ढकलून मागं नेऊन ठेवत होता. चाकांचा आवाज मले ऐकू येई. मी काहीच बोलत नव्हतो, अन् ते न बोलणंच माझं बोलणं होतं. तुले ते बरोबर समजे.

आता ती गोष्ट लिहितो, जी काल माईकवर बोलता आली नाही.

तुले शुगर निघाली होती. पाय बधिर झाले होते, हे तू मले सांगितलं त्या दिवशी मी ऐकलं अन् विसरलो. डॉक्टरनं तुले मऊ चप्पल दिली होती, काळी, मागून पट्टा असलेली. म्हटलं होतं का घरातही उघड्या पायानं फिरायचं नाही. त्या चपलेनं तू बंपरवर पाय ठेवला, अन् मी आडवा आलो.

"खाली."

"मिस्त्री, डॉक्टरनं सांगतलं आहे. मले तळव्याले काही कळत नाई. परवा खिळा रुतला तर पोरीनं रक्त पाहून सांगतलं."

"डॉक्टर तुझ्या घरचा. गॅरेज माझं. आजवर कोणाची चप्पल चढली का या बंपरवर?"

तू बंपरवरचा पाय खाली घेतला. मंग हळूच बोलला. तू रागात होता तर ओरडला का नाही? ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, अन् मोकळा झालो असतो.

तू म्हटला, "माझ्या आज्याले गावातून जाताना चप्पल हातात धरावी लागे. मोठ्या लोकांच्या दारापुढून. ते गाव बदललं, माझ्या बापानं कधीच नाई काढली. मी तुमच्या बंपरपुढे काढतो ते तुमच्या मनासाठी काढतो. धाकानं नाई काढत. एवढं ध्यानात असू द्या."

अन् मंग म्हटला, "गाडी लोखंडाची आहे, मिस्त्री. पाय माझा आहे."

सुखदेव, माझं घर त्याच मोठ्या लोकांतलं. माझ्या आज्याच्या दारापुढून कोणाकोणाचा आज्या चप्पल हातात घेऊन गेला असन, हे मले माहीत नव्हतं असं नाही. मले उत्तर द्यायचं होतं का माझा कायदा तो नाही, माझा कायदा सगळ्यांले सारखा आहे, मी स्वतःही काढतो. ते खरंही होतं. पण तोंडातून काय निघालं? "एवढं असन तर दुसरं गॅरेज पाह्य."

तू माझ्याकडे पाहिलं. मंग वाकून पट्टा सोडला, चप्पल ड्रमच्या खाली जोडीनं ठेवली, बंपरले हात लावला, कपाळाले लावला, अन् चढला.

ती भांडण झाल्याची गोष्ट नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. ती गोष्ट तशीच राहिली, दोन वर्षं, रोज. तू रोज चप्पल काढत गेला अन् मी रोज पाहत गेलो.

यंदा उन्हाळ्यात तो धानाच्या वाळल्या तणसाच्या गठ्ठ्यांचा ट्रक आला. डिझेलची नळी गळत होती, ड्रायव्हर घाई करून राहिला होता, इंजिन तापलेलं. मी म्हटलो थंड होऊ दे. पण म्हटलो ते अर्ध्याच आवाजात, काहून का माझा खांदा त्या दिवशी उचलतच नव्हता अन् तू चढला तर मले चढावं लागत नव्हतं. हे आज लिहून टाकतो. तुझा एक पाय बंपरवर, एक आत चेसिसवर. तू नळी आवळत होता अन् गोष्ट सांगत होता, तुझ्या नातीनं शाळेत मास्तरले काय उत्तर दिलं त्याची. आवाजात काही फरक नाही. मले आधी वास आला. चामडं जळल्याचा. मले वाटलं इंजिनाचा पट्टा जळून राहिला. मी वाकून पाहिलं तर तुझ्या पायाची बोटं सायलेंसरच्या पायपाले टेकलेली होती, अन् तू हसत होता.

"सुखदेव, पाय!"

"काय झालं पायाले?" तू म्हटला.

त्याच्यापुढचं तुले माहीत आहे. भंडाऱ्याचा दवाखाना, आधी एक बोट कापलं, मंग तीन, मंग ते विष वर चढत गेलं. गावात मी सगळ्यांले सांगितलं का सुखदेवनं घाई केली. "सांगत होतो थंड होऊ दे म्हणून." हे वाक्य मी किती जणांपुढे बोललो असन. चहाच्या ठेल्यावर बोललो, तुझ्या साळ्यापुढे बोललो. एकानंही मले विचारलं नाही का मिस्त्री, त्याच्या पायात चप्पल काहून नव्हती? विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तू दवाखान्यात होता तेव्हा एक टिप्पर आला, टॅपेट मारायचे होते. टॅपेट म्हणजे घंटा-दीड घंटा वाकून राहायचं काम, एकेका वॉल्वच्या फटीत पातं घालून पाहायचं. मी बंपरवर चढलो. दहा मिनिटांत खांद्यानं हात टेकले. उतरलो. ड्रमवर चढलो, ड्रम हलला, मी बोनेट धरलं. खाली ठोकळा धरायले कोणी नव्हतं. तेव्हा समजलं का इतके वर्षं तू ड्रमवर असताना मी ठोकळ्याले पाय लावून धरला नाही, अन् मी बंपरवर असताना तू कायम माझ्या मागं उभा राहत होता, हात पसरून, जणू कोणाची वाट पाहत आहे असं दाखवून.

ड्रायव्हर जेवायले गेला होता. मी चारी बाजूले पाहिलं. चोर पाहतो तसं. मागं गेलो, कोंबड्या हाकलल्या, मचान ढकलत आणली. पाय बरोबर बंपरखाली सरकले. चाकाचे ब्रेक दाबले. चढलो अन् पालथा पडलो.

सुखदेव, मले रडू आलं. दुखणं गेलं म्हणून. छातीले फोम, खांद्यावर भारच नाही, दोन्ही हात खाली मोकळे लोंबून राहिले, बरोबर टॅपेटवर. मचान तुझी, म्हणून मी उजव्या हातानं पान्याचा खण चाचपू लागलो. उजवीकडे खणच नव्हता. डावीकडे होता.

तू उजव्या हाताचा. तुले डावीकडचा खण काय कामाचा? मी तसाच पडून राहिलो अन् विचार करत राहिलो. मंग उतरून पिनीच्या भोकांकडे पाहिलं. तीन भोकं होती. एकाजवळ तू छिन्नीनं ठोकून 'सु' काढलं होतं. त्याच्यावर चार बोटं, 'मि'. तुझे हात आखूड, तुले फळी खाली लागे. माझे लांब, मले वर. अन् पिन, तू दवाखान्यात जायच्या आधीपासून, 'मि'मधेच घातलेली होती. त्या उंचीवर तुझे हात पुरले नसते. तू ती मागं नेऊन ठेवायचा तेव्हा दरवेळी माझ्या उंचीवर करून ठेवत होता. म्हणजे मी कधी, कोणी नसताना, चढलोच तर.

माझा खांदा तुले माहीत होता. बायकोच्या आधी.

तेवढ्यात ड्रायव्हर येताना दिसला. अन् मी काय केलं? ब्रेक सोडले अन् मचान ढकलत पुन्हा पळसाखाली नेऊन ठेवली. बाकीचे टॅपेट बंपरवर उभा राहून, उघड्या पायानं मारले. मधून मधून थांबत. ड्रायव्हर म्हटला, "मिस्त्री, पसीना लय सुटला." मी म्हटलो, "ऊन आहे." आभाळ भरलं होतं.

त्या सोमवारी तुले भेटायले आलो. सुजाता बाहेर औषधं आणायले गेली होती. तू बारीक झाला होता, पण डोळे तेच. पहिलं गिऱ्हाइकांचं विचारलं, मंग कोंबड्यांचं. कोंबड्यांवरून हळूच तिथं आला.

"मचान कशी आहे माझी?"

मी सांगणार होतो. देवाशपथ, लाखनीपासून बसमधे तेच घोकत आलो होतो. 'सुखदेव, मी चढलो. बरं वाटलं. खण पाहिला.' इतकेच शब्द. पण बाजूच्या खाटेवरचा माणूस ऐकून राहिला होता. एक अनोळखी माणूस, हाताले पट्टी बांधलेला, त्याच्यापुढे मले लाज वाटली. मी म्हटलो, "ते? ते भंगारात देऊन टाकली."

तू छताकडे पाहिलं. मंग म्हटला, "किलोनं दिली का नगानं?"

"किलोनं."

"बरं झालं. कोंबड्यांची विष्ठा तरी वजनात धरली असन त्यानं."

अन् आपण दोघं हसलो. तुझ्यासंगचं ते शेवटचं हसणं, अन् तेही मी खोट्यावर काढलं.

पुढच्या सोमवारी यायचं होतं. मी आलो नाही. सुजातेले फोन करून सांगितलं का गाडी अडकली आहे, जमत नाही. कोणती गाडी? आवारात एकही गाडी नव्हती. मी बाकड्यावर बसून होतो, पळसाकडे पाठ करून. येऊन खरं बोलायचं का पुन्हा तेच खोटं ओढायचं, हे ठरत नव्हतं, म्हणून बसून राहिलो. मंगळवारी सकाळी तू गेला.

काल विहारातून निघताना सुजाता माझ्यासंग रस्त्यापर्यंत आली. मले वाटलं दोनच शब्द बोललो म्हणून रागावली असन. पण ती दुसरंच बोलली.

"काका, मचान आहे ना अजून?"

मी थांबलो.

"तुम्ही भंगारात दिली म्हटलं त्या दिवशी तुम्ही गेल्यावर बाबा खूप हसले. म्हणाले, मिस्त्री खोटं बोलला का डावा कान खाजवते. मचान आहे जिथल्या तिथं. येऊ दे पुढच्या सोमवारी, स्वतःच सांगन."

मी येणाऱ्या बसकडे पाहू लागलो.

"सोमवारी त्यांनी मले उशी उंच कराले लावली. म्हणाले, काका येतील तर नीट बसतो. दुपारपर्यंत बसले तसे."

तिनं हे मले टोचायले सांगितलं नाही. तिले वाटलं मले बरं वाटन, का बाबा हसले म्हणून. पोर तुझ्यावर गेली आहे. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् बसमधे बसलो. उशी उंच करून बसलेला तू अन् पळसाकडे पाठ करून बसलेला मी. एकाच वेळी, एकाच दुपारी. मधे पाऊण घंट्याचा रस्ता. या वयात मी काय काय विसरतो, पण हे विसरू देऊ नको.

तुझे उपकार मानतो असं लिहायले बसलो होतो. तुझ्या कानानं ओळखलेला इंजिनाचा आवाज, तुझ्या अक्षरातली पाटी, चाळीस वर्षं माझ्या मागं पसरलेले हात. पण उपकार मानायले आधी तोंड वर करावं लागते, अन् ते अजून होत नाही. माफीही मागत नाही. तू होता तेव्हा मागितली नाही, आता फोटोले मागणं सोपं आहे. सोपं काम तुझ्यापुढे करायची लाज वाटते.

आज सकाळी, कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, गॅरेज उघडलं. घरून निघताना पोराचे जुने कॅनव्हासचे बूट घातले. बायको म्हटली, "हे कायले?" मी म्हटलो, "कामाले." धानाच्या पोत्यांचा एक उंच ट्रक आधीच उभा होता. ड्रायव्हर आपला ओळखीचा, तोच, जो त्या दिवशी नागझिऱ्याच्या बोलण्यावर पहिला हसला होता. त्याच्यासमोर मागं गेलो, कोंबड्या हाकलल्या, फळी ओल्या फडक्यानं पुसली, अन् मचान ढकलत रोडच्या बाजूनं, सगळ्यांच्या देखत आणली. चहावाला बाहेर येऊन पाहू लागला. पाहू दे म्हटलं. पाय बंपरखाली सरकवले, ब्रेक दाबले, पिन पाहिली, 'मि'मधेच होती. बुटासकट चढलो. पाने डाव्या खणात ठेवले.

ड्रायव्हरले म्हटलो, "इकडं येऊन टॉर्च धर."

तो आला. बंपरजवळ थांबला, अन् सवयीनं चप्पल काढू लागला.

"घाल गा पायात," मी म्हटलो. "गाडी लोखंडाची आहे. पाय तुझा आहे."